बर्फाचा रस्ता आणि चार चाकांचे बळ

नाताळच्या सुट्टीत आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे हिम पाहण्यासाठी मनालीला जातात. मनालीहून पुढे सोलंग खोरे आणि त्याच्याही पुढे अटल बोगदा लागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटर लांबीचा बोगदा समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे. पूर्वी लाहौल खोऱ्यात जायचे तर ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि हिवाळ्यात ती महिनोन् महिने बंद असे. आता भर हिवाळ्यातही प्रवासी बोगद्यापर्यंत आणि त्याच्या पलीकडे जातात.

या रस्त्यावर हिम पडले, की पोलीस पुष्कळदा साध्या मोटारी अडवतात आणि फक्त ‘फोर-बाय-फोर’ मोटारींना पुढे सोडतात. अशा मोटारीच्या पाठीवर ‘४×४’ असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. पहिल्या चारचा अर्थ एकूण चाके चार, आणि दुसऱ्या चारचा अर्थ इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो. मोटारीत बसलेल्यांना मग वाटू लागते, की आपली मोटार बर्फावर घसरणारच नाही. हा समज अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा मात्र जिवावर बेतू शकतो. खरा अर्धा कोणता आणि धोक्याचा कोणता, हे शाळेत शिकलेल्या घर्षणाच्या नियमांवरूनच आपण शोधून काढू.

मोटारीला पुढे कोण ढकलते?

इंजिन मोटारीला पुढे ढकलते, असे आपण सहज म्हणतो. पण मोटार जॅकवर उचलून धरली आणि इंजिन कितीही जोरात चालवले, तरी चाके जागच्या जागी फिरतील आणि मोटार तसूभरही हलणार नाही. इंजिन फक्त चाके फिरवते. फिरणारे चाक रस्त्याला मागे रेटते आणि रस्ता चाकाला पुढे रेटतो. हा न्यूटनचा तिसरा नियम झाला. रस्त्याचे हे रेटणे घर्षणामुळेच शक्य होते. मोटार पुढे नेणारे, वळवणारे आणि थांबवणारे बाहेरचे बल एकच, ते म्हणजे टायर आणि रस्ता यांमधील घर्षण.

हे घर्षण जास्तीत जास्त किती मिळेल? चाकावरचा भार गुणिले घर्षणगुणांक. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा गुणांक सुमारे ०.७ असतो. चाकांखाली दाबल्या गेलेल्या हिमावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी होतो. टायर आणि तापमान यांनुसार हे आकडे थोडे बदलतात, पण आपल्या हिशोबाला ते पुरेसे आहेत.

चढावर चार चाके श्रेष्ठ

साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो, आणि त्या चाकांवर मोटारीचा साधारण निम्मा भार असतो. उरलेल्या दोन चाकांवरचा निम्मा भार पुढे जाण्याच्या कामी येत नाही. हिमावर गुणांक ०.२ धरला, तर या मोटारीला स्वतःच्या वजनाच्या ०.२ च्या निम्मे, म्हणजे ०.१ पट बल मिळते. याचा अर्थ ती जेमतेम दहास एक असा चढ चढू शकेल, म्हणजे दहा मीटर पुढे जाताना एक मीटर वर.

चारही चाकांना जोर मिळाला, की मोटारीचा सगळाच भार कामाला लागतो. बल ०.२ पट होते आणि पाचास एक हा चढही आवाक्यात येतो. चढण्याची ताकद दुप्पट झाली! म्हणूनच डोंगरी भागात अशा वाहनांना मान आहे. दुसऱ्या महायुद्धातील जीप हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध वाहन. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या मुंबईतच जीप जुळवल्या जाऊ लागल्या.

येथे एक बारकावा लक्षात ठेवा. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. म्हणून दोन चाकांमध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची जुळणी असते. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते, पण जोर मात्र दोघांना सारखाच देते. एक चाक बर्फावर आले, की ते गरगर फिरू लागते. त्याला फिरवायला फारच थोडा जोर पुरतो, आणि तेवढाच थोडा जोर दुसऱ्या, कोरड्या जमिनीवरच्या चाकाला मिळतो. मोटार जागीच राहते. यावर उपाय म्हणून काही वाहनांत डिफरन्शियल जखडून टाकण्याची सोय असते. काहींत घसरणाऱ्या चाकाला यंत्रणा आपोआप ब्रेक लावते.

थांबताना सगळ्या मोटारी सारख्याच

आता उलट बाजू पाहू. ब्रेक किती चाकांना असतात? साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात! थांबताना प्रत्येक मोटारीचा सगळा भार आधीपासूनच कामाला लागलेला असतो. म्हणून थांबण्याच्या बाबतीत ‘४×४’ मोटारीला काडीचाही जादा लाभ नाही.

ब्रेक लावल्यापासून मोटार थांबेपर्यंतचे अंतर काढायचे, तर वेगाच्या वर्गाला दोन, घर्षणगुणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागायचे. या सूत्रात वस्तुमान कोठेच नाही, हे पाहिलेत ना? मोटार जड असेल तर घर्षण वाढते खरे, पण थांबवायचे वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढते. ‘आमची गाडी वजनदार आहे, लवकर थांबेल’ असे कोणी म्हणाले, तर त्याला हे सूत्र दाखवा.

समजा, वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर आहे. सपाट कोरड्या रस्त्यावर मोटार ९ मीटरांत थांबेल. दाबलेल्या हिमावर तिला सुमारे ३२ मीटर लागतील आणि बर्फावर ६३ मीटर. शिवाय धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी ११ मीटर वाढवा.

आता तीच मोटार उतारावर आणा. आठास एक असा उतार घेऊ. येथे गुरुत्वाकर्षण मोटारीला वजनाच्या सुमारे ०.१२५ पट बलाने खाली ओढत असते. हिमावरचे घर्षण ०.२ पट. थांबवण्यासाठी उरले फक्त ०.०७५ पट. हिशोब केलात तर थांबण्याचे अंतर ८४ मीटर येते! आणि संध्याकाळी हिमाचा बर्फ होऊन गुणांक ०.१ झाला, तर? घर्षण ओढीपेक्षाही कमी पडेल. ब्रेक कितीही दाबा, मोटार थांबणार नाही. उलट तिचा वेग वाढतच जाईल.

हाच या गोष्टीचा गाभा आहे. दहास एक एवढीच कुवत असलेली साधी मोटार आठास एक हा हिमाचा चढ चढलीच नसती, ती खालीच अडकली असती. चार चाकांच्या बळामुळे आपण वर पोचतो, पण परत उतरताना ते बळ आपल्याला थांबवत नाही. तेव्हा बर्फाच्या प्रदेशात ‘आपण चढू शकू का?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘संध्याकाळी उतरू शकू का?’ हेही निघण्यापूर्वी विचारले पाहिजे.

बर्फ निसरडा का?

दाबामुळे बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावर वस्तू घसरते, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले आढळते. हे तपासून पाहू. बर्फाचा वितळणबिंदू एक अंश सेल्सिअसने खाली आणायला सुमारे १३५ वातावरणे इतका दाब लागतो. मोटारीचा टायर रस्त्यावर टाकतो तो दाब दोन-अडीच वातावरणे. त्याने वितळणबिंदू एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकाच उतरेल. तेव्हा हे कारण पुरत नाही.

मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्ये वेगळा विचार मांडला. बर्फाच्या पृष्ठभागावर, दाब नसतानाही, द्रवासारखा अतिशय पातळ थर असतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या काळातील प्रयोगांनी तो थर खरोखरच असल्याचे दाखवले. बोडन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये आणखी एक कारण पुढे आणले. घासण्यामुळे निर्माण होणारी उष्णताच पृष्ठभाग वितळवते. दोन्ही गोष्टी शून्य अंशाजवळ अधिक परिणामकारक ठरतात. म्हणून उणे वीस अंशांच्या कडक बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ अधिक निसरडा असतो!

दुपारी उन्हाने हिम वितळते, पाणी रस्त्यावर पसरते आणि सूर्य डोंगराआड गेला की ते पारदर्शक काचेसारखे गोठते. त्यातून खालचे डांबर दिसते, म्हणून याला ‘काळा बर्फ’ म्हणतात. रस्ता नुसता ओला आहे असे वाटते आणि मोटार अचानक सरकू लागते. सावलीतली वळणे, बोगद्यांची तोंडे आणि पूल ही त्याची खास ठिकाणे. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते, त्यामुळे तो बाकीच्या रस्त्याआधी गोठतो.

वाहन कसे चालवावे?

पहिला नियम म्हणजे वेग कमी. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. ताशी ४० ऐवजी २० किलोमीटर वेग ठेवला, तर सपाट बर्फावरचे ६३ मीटर १६ मीटरांवर येतात. पुढच्या मोटारीपासूनचे अंतरही नेहमीच्या कितीतरी पट ठेवावे.

दुसरा नियम, एका वेळी एकच काम. घर्षणाची शिल्लक ठरावीक असते. ती ब्रेक लावण्यात खर्च झाली, तर वळण्यासाठी काही उरत नाही. म्हणून वळणाच्या आधीच, सरळ रस्त्यावर, वेग कमी करावा. २० मीटर त्रिज्येचे सपाट वळण कोरड्या रस्त्यावर ताशी सुमारे ४२ किलोमीटर वेगाने घेता येते. बर्फावर तीच मर्यादा ताशी १६ किलोमीटरवर येते.

तिसरा नियम, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. इंजिनच मग वेगाला आवर घालते. येथे ‘४×४’ मोटारीचा एक खरा फायदा आहे. इंजिनाची ही रोखण्याची क्रिया चारही चाकांवर वाटली जाते, त्यामुळे एखादे चाक घसरण्याचा संभव कमी होतो. उतारावर मोटार न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

चौथा नियम, ब्रेक हलके दाबावेत. चाक फिरत असेपर्यंत स्थितिक घर्षण काम करते. चाक जखडले, की त्याहून कमी असलेले गतिक घर्षण उरते आणि स्टिअरिंगही निरुपयोगी होते. नव्या मोटारींतील एबीएस यंत्रणा चाक जखडू देत नाही, त्यामुळे दिशा ताब्यात राहते. पण नसलेले घर्षण तीही निर्माण करू शकत नाही. मोटारीचा मागचा भाग उजवीकडे सरकू लागला, तर ब्रेक न दाबता पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा आणि स्टिअरिंग सावकाश उजवीकडेच फिरवावे.

पाचवा नियम, घर्षणच वाढवावे. टायरांना लोखंडी साखळ्या बांधल्या, की त्या बर्फात रुततात आणि चढताना, वळताना, थांबताना अशा तिन्ही वेळी उपयोगी पडतात. साखळ्या बांधल्यावरही वाहन हळूच हाकावे. हिवाळी टायरांचे रबर थंडीतही मऊ राहते, साध्या टायरांचे मात्र कडक होते. ज्या वाहनांत ‘फोर-व्हील’ हाताने जोडावे लागते, त्यांत कोरडा पक्का रस्ता लागताच ते सोडवावे, नाही तर वळताना पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन यंत्रावर ताण येतो.

हिमात अडकलात तर

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी प्रचंड हिमवर्षावात हजारो मोटारी अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बरीच बंद मोटारींतच दगावली. थंडीइतकाच मोठा शत्रू असतो कार्बन मोनॉक्साइड वायू. सायलेन्सरचे तोंड हिमाने बुजले आणि ऊब मिळावी म्हणून इंजिन चालूच ठेवले, तर हा रंगहीन, गंधहीन वायू आत शिरतो. माणसाला झोप लागते आणि ती झोप शेवटची ठरू शकते. म्हणून सायलेन्सरभोवतीचे हिम पुनःपुन्हा उकरून काढावे, इंजिन थोडाच वेळ चालवावे आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवावी. पांघरुणे, पाणी, खाऊ आणि फावडे सोबत असावे.

करून पाहा

स्टीलच्या ताटात पाण्याचा पातळ थर गोठवा. एक खोडरबरही फ्रीझरमध्ये ठेवा. ताट बाहेर काढताच त्यावर खोडरबर ठेवून ताटाची एक कड हळूहळू उचला. खोडरबर घसरू लागताच कडेची उंची मोजा आणि तिला ताटाखालच्या आडव्या अंतराने भागा. हा झाला घर्षणगुणांक. पाच मिनिटांनी, बर्फ ओलसर झाल्यावर, पुन्हा मोजा. मग कोरड्या लाकडी फळीवर तेच करा आणि तिन्ही आकडे वहीत लिहा.

मोटार चालवण्याचे तुमचे वय अजून झालेले नाही, पण मोटारीत तुम्ही बसता. पुढे कधी हिमाच्या प्रदेशात गेलात आणि चालक म्हणाला, ‘काळजी नको, फोर-बाय-फोर आहे,’ तर त्याला नम्रपणे विचारा, ‘काका, उतरताना ब्रेकही चारच चाकांना ना?’ आणि दुपार कलण्यापूर्वी परत फिरण्याचा आग्रह धरा.