टोपलीचा जीव कोयत्याच्या पात्यावर

गौरी-गणपतीच्या आधी कोकणातल्या बाजारात बांबूची सुपं थप्प्या लावून ठेवलेली असतात. नवी सून गौरीचा ओवसा भरते तो त्या सुपातून. लग्नात मुलीला सासरच्यांच्या हवाली करताना अनेक घरांत ऐरणीदान होतं. दिवे लावलेली वेळूची टोपली वरपक्षाच्या माणसांच्या डोक्यांवर टेकवतात. संस्कृतात तिला वंशपात्र म्हणतात, कारण ‘वंश’ म्हणजे वेळूही आणि कुळही. इतका मान ज्या वस्तूला आपण देतो, ती तयार कशी होते याबद्दल मात्र आपल्या डोक्यात भलतंच काहीतरी असतं. टोपली हातात घेतो, विणीवरून बोटं फिरवतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि लगेच भाव पाडायला लागतो. बुरूडकाम मी जवळ बसून पाहिलं आहे, म्हणून यातले काही समज खोडून काढावेत असं फार दिवस मनात होतं.

गैरसमज : टोपली म्हणजे विणकाम. विणता आलं की झालं.

विणणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. दोन-चार दिवसांत कुणालाही एक आड एक कामटी घालता येते. कस लागतो तो बांबू फोडण्यात. बुरूडाच्या अंगणात बसलात तर दिसेल की दिवसाचा मोठा वाटा कोयत्यालाच जातो. आधी बांबूचे दोन भाग, मग चार, मग आठ. प्रत्येक वेळी बरोबर मधोमध. अर्ध्याचं अर्धं करत गेलं तर दोन्ही बाजूंना सारखी ताकद राहते आणि चीर सरळ धावते. एक बाजू पातळ झाली की चीर त्या बाजूला पळायला लागते आणि पट्टी मध्येच संपते. अशा वेळी शिकाऊ माणूस कोयता जोरात दाबतो आणि बांबू वाया घालवतो. जाणता माणूस पातं तिथंच ठेवतो आणि जाड बाजू हाताने जास्त वाकवतो. चीर निमूटपणे मधे परत येते. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते खरं वाटेना, म्हणून स्वतः करून पाहिलं. चौथ्या बांबूला जमलं.

त्यानंतर पट्टी उभी चिरून पाठ आणि पोट वेगळं करायचं. पाठ म्हणजे हिरव्या सालीकडची बाजू, पोट म्हणजे आतला पांढरट गर. मग सुरीने कडा घासायच्या, नाहीतर विणताना बोटं कापतात. या सगळ्यानंतर विणायला बसायचं.

पट्टी करवतीने कापली तर काम लवकर होईल, असंही सुचवणारे लोक भेटतात. होईल, पण टोपली टिकणार नाही. करवत आपल्या रेषेत जाते, तंतूंच्या रेषेत जात नाही. जिथे ती तंतू तोडते, तिथून पट्टी पुढे मोडते. फाडलेल्या पट्टीत तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतात. हे फक्त बांबूचं नाही, जगभरच्या लाकडी टोपल्यांचं हेच गुपित आहे. अमेरिकेच्या मेन राज्यातले पेनॉब्स्कॉट आणि पासामाक्वॉडी लोक ब्लॅक अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाच्या टोपल्या विणतात, आणि तिथेही पट्ट्यांसाठी करवत वापरत नाहीत. ओंडका सोलून त्यावर कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकत जातात. या झाडाच्या प्रत्येक वर्षवलयात वसंतात वाढलेला भाग सच्छिद्र असतो. ठोकल्यावर तो चिरडतो आणि एकेका वर्षाची वाढ पट्टीसारखी उलगडून हातात येते. अशा टोपल्यांतून तिथल्या शेतांत बटाटे वेचले जात. आज त्या झाडावर संकट आहे. आशियातून गेलेला एक हिरवा भुंगा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला आणि तेव्हापासून तो अ‍ॅशची झाडं मारत पसरतो आहे. कच्चा माल गेला की हातातली कला कशी पोरकी होते, हे तिथले कारागीर डोळ्यांनी पाहत आहेत.

गैरसमज : पट्टी जितकी जाड, तितकी टोपली दणकट.

बांबूचा आडवा काप उन्हात धरून बघा. सालीजवळ काळसर ठिपक्यांची दाटी दिसते, आत जावं तसे ठिपके विरळ होतात. ते ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे. बांबूची ताकद सालीजवळ गोळा झालेली असते. आतला गर बराचसा मऊ असतो, आणि पिठूळ साठाही तिथेच. म्हणून सालीची पातळ पट्टी पोटाच्या जाड पट्टीपेक्षा जास्त ओझं सोसते आणि वाकवली तरी तुटत नाही. जाड पट्टी वळणावर तडकते.

चांगला कारागीर म्हणूनच पाठीच्या पट्ट्या बुडाला, उभ्या कामट्यांना आणि काठाला वापरतो. पोटाच्या पट्ट्या भरणीला जातात. फुलं ठेवायच्या परडीला सगळ्या पोटाच्या चालतील. शेणखत वाहायच्या पाटीला चालणार नाहीत. बाजारातली स्वस्त टोपली आणि महाग टोपली यांत पुष्कळदा एवढाच फरक असतो, आणि तो विणीत दिसत नाही. सालीची चकाकी कुठे आहे ते बघावं लागतं.

पेराचा डोळा म्हणजे दोन पेरांमधली गाठ, हीही मोडण्याची हमखास जागा. तिथे तंतू सरळ न जाता एकमेकांत गुंततात, म्हणून वाकवलं की पट्टी तिथंच दगा देते. त्यासाठी लांब पेरांचा, सरळ बांबू निवडायचा. बुडातून वर वळण्याच्या जागी डोळा येऊ द्यायचा नाही. शेजारशेजारच्या कामट्यांचे डोळे एका ओळीत आणायचे नाहीत. विणायला घेण्याआधी कारागीर पट्ट्या जमिनीवर अंथरून उगाच मागेपुढे सरकवताना दिसतो, तेव्हा तो हा हिशोब मांडत असतो.

गैरसमज : जाडजूड बांबू म्हणजे जुना बांबू.

बांबू हे गवत आहे, आणि आंब्या-सागासारखा तो वर्षागणिक जाड होत नाही. पावसाळ्यात कोंब जमिनीबाहेर येतो तो आपली पूर्ण जाडी घेऊनच. दोन-तीन महिन्यांत त्याची उंचीही पूर्ण होते. पुढची वर्षं तो फक्त पक्का होत जातो. जाडीवरून त्याचं वय कळत नाही. रंग, कोंबाचं आवरण गळलं आहे का, ठोकल्यावर येणारा आवाज, यांवरून कळतं. यंदाचा कोंब विणायला घेतला तर पट्टी वाळताना आकसते, सुरकुतते. फार जून बांबू चिरताना कडकडतो आणि वळणावर मोडतो. टोपलीसाठी दोन-तीन वर्षांचा, आणि तोही हिरवा, ताजा तोडलेला हवा. वाळलेला बांबू फोडणं म्हणजे हातांचे हाल.

बांबू तोडला की बेट मरतं, ही भीतीही निराधार आहे. बेटाचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो. पक्के बांबू काढले नाहीत तर बेट आतल्या आत गुदमरतं, नव्या कोंबांना वाट राहत नाही. मात्र तोडताना जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या डोळ्याच्या जरा वर घाव घालावा, म्हणजे बुंध्यात पाणी साठून कुजत नाही. बेट मरतं ते फुलल्यावर. मानवेल किंवा काटेरी कळक काही दशकांनी एकदाच सामूहिक फुलतो आणि बी टाकून संपतो.

कायद्याने मात्र या गवताला ९० वर्षं झाड ठरवलं होतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू होता, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही परवान्याचा प्रश्न यायचा. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटला. जंगलातल्या बांबूची गोष्ट वेगळी. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरला, आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने तो हक्क प्रत्यक्षात आणून दाखवला. २०११ च्या एप्रिलमध्ये त्या गावाला स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला. टोपली दणकट होण्याशी याचा संबंध आहे. कारागिराला हवा तो बांबू, हव्या त्या हंगामात मिळाला नाही, तर तो मिळेल त्यावर काम उरकतो.

गैरसमज : बांबूला कीड लागायचीच. नाहीतर अमावास्येला तोडावा.

टोपलीखाली पिवळट पीठ पडायला लागलं की घरातली माणसं ती अडगळीत टाकतात. ते पीठ पाडणारा बारीक भुंगा बांबूतल्या पिष्टासाठी येतो. त्याचं अन्नच कमी केलं तर तो फिरकत नाही. पावसाळ्यात नवे कोंब वाढवण्यात बेटाचा पिष्टाचा साठा खर्ची पडतो, म्हणून पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेला पक्का बांबू कमी किडतो. उन्हाळ्यात तो साठा पुन्हा भरलेला असतो. तोडलेला बांबू काही आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीतही याचसाठी आहे. पिष्ट आणि साखर पाण्यात निघून जातात. पाण्याला वास येतो, पण टोपली वाचते. अंधाऱ्या पक्षाची तिथी ज्यांना पाळायची त्यांनी पाळावी. वय आणि हंगाम चुकला तर तिथी वाचवणार नाही, एवढं खरं.

चुलीवर टांगलेली टोपली पिढ्यान् पिढ्या टिकायची तीही योगायोगाने नाही. धुराने ती कोरडी राहायची आणि भुंगा लांब राहायचा. आज चूल नाही. बांबू टिकवायची विषारी रसायनं असतात, पण ज्यात धान्य किंवा भाकरी ठेवायची त्या टोपलीला ती लावू नयेत.

गैरसमज : उभ्या कामट्या कितीही असल्या तरी चालतं.

गोल टोपली एकाच आडव्या पट्टीने, एक आड एक अशी अखंड विणायची असेल तर उभ्या कामट्यांची संख्या विषम लागते. सम असली तर दुसऱ्या फेरीत पट्टी पुन्हा त्याच कामट्यांच्या वरून जाते आणि वीण बसतच नाही. मग दोन पट्ट्यांनी विणावं लागतं किंवा एखादी कामटी उभी चिरून दोन कराव्या लागतात. शाळेत न गेलेल्या बायका हे गणित बोटांवर ठेवतात.

बुडाचंही तसंच. सपाट बुडाची टोपली टेबलावर शोभते, पण भरल्यावर बूड खाली लोंबतं आणि मधल्या पट्ट्या घासून आधी झिजतात. बूड विणून झालं की ते मुठीने किंवा गुडघ्याने आतल्या बाजूला किंचित फुगवायचं. मग टोपली कडेवर बसते, डुगडुगत नाही, आणि ओझं उभ्या कामट्यांकडे जातं. शेवटी काठ. टोपली उचलतात काठाला धरून, आपटते काठावर, म्हणून आतून आणि बाहेरून सालीची रुंद पट्टी लावून मधे कामट्यांची टोकं दाबून बांधायची. विणीची एखादी पट्टी तुटली तर टोपली आणखी वर्षभर चालते. काठ सुटला की ती संपली.

ओली पट्टी वाळताना आकसते, त्यामुळे दोन दिवसांनी विणीत फटी दिसू लागतात. काठ बांधण्याआधी ओळी खाली ठोकून बसवल्या आणि वर एक-दोन फेऱ्या वाढवल्या की टोपली घट्ट होते. घाईच्या टोपलीत ही पायरी गाळलेली असते.

गैरसमज : सारवणं म्हणजे गबाळेपणा.

वीण कितीही घट्ट असली तरी राळ्याचे दाणे आणि पीठ निसटतंच. कणगी शेणमातीने लिंपायचे ते तेवढ्यासाठी. जुन्या घरांत सुपाला आणि दुरडीला भिजवून वाटलेल्या मेथीचा आणि कागदाच्या लगद्याचा लेप देत. मेथीचा चिकटपणा लगद्याला धरून ठेवतो. अशी लिंपलेली दुरडी अजून कुणाच्या माळ्यावर असेल तर ती टाकू नका. रोवळीला मात्र कधी लेप नसतो. तांदूळ धुताना पाणी निथळून जाणं हेच तिचं काम.

गैरसमज : बुरूडकाम म्हणजे हलकं काम, म्हणून स्वस्त असायला हवं.

याबद्दल मला जास्त बोलावंसं वाटतं. बुरूड समाज आपली परंपरा बाराव्या शतकातल्या शरण (लिंगायत संत) केतय्यांशी जोडतो. बसवेश्वरांच्या काळात टोपल्या विणणारा हा माणूस कष्टालाच पूजा मानणाऱ्यांत उभा होता. पुण्यात बुरूड आळी अजून त्याच नावाने ओळखली जाते. पण पंचवीस-तीस पट्ट्या फाडून, घासून, भिजवून, विणून, काठ बांधून उभी केलेली टोपली आपण प्लॅस्टिकच्या घमेल्याच्या भावात मागतो. प्लॅस्टिक उन्हात ठेवलं की ठिसूळ होतं, मोडलं की तसंच पडून राहतं, आणि त्यात ठेवलेली भाकरी घामेजते, हे आपल्याला माहीत असतं. तरी घासाघीस होते ती बांबूवरच. मग कारागीर पोटाच्या पट्ट्या वापरतो, काठ एकेरी बांधतो, आणि आपण म्हणतो, ‘आता पूर्वीसारख्या टोपल्या मिळत नाहीत.’

पुढच्या वेळी टोपली घ्याल तेव्हा ती आधी उलटी करा. बुडाला सालीची चकाकी आहे का बघा, अंगठ्याने काठ दाबून बघा, बूड आत फुगवलेलं आहे का बघा. सगळं नीट असेल तर विणणारा जो भाव सांगेल तो द्या, आणि घरी नेल्यावर ती ओली ठेवू नका, वारा लागेल अशी टांगा.