एकाच नळावर

नगरच्या एका जुन्या दगडी चर्चमध्ये मी मागून दुसऱ्या बाकावर बसलोय. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. पुढे मेजावर पांढऱ्या कापडाखाली भाकर झाकलेली आहे, शेजारी तबकात काचेचे बोटभर पेले. द्राक्षरस घरचाच, काळ्या मनुका उकळून गाळलेला.

पेटी सूर धरते, तबला जरा मागे रेंगाळतो. गीत टिळकांचं आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी आमच्या उपासनेत अभंग आणला नसता, तर आम्ही अजून विलायती चालींत मराठी शब्द कोंबत बसलो असतो. कोंबणारे अजूनही आहेत म्हणा, आणि त्यांचाच आवाज मोठा असतो.

माझ्या पुढच्या बाकावर दोन भाऊ आहेत. एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधल्या जागेत गायनाची पुस्तकं. विहिरीच्या वाट्यावरून चार वर्षं कोर्टात चाललंय, अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे.

पाळक साहेब करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढतात. जो तो स्वतःची परीक्षा करो, हा भाग येतो आणि बाकांवर खाकरणं सुरू होतं. लहानपणापासून या वाक्याची मला धास्ती. सात महिन्यांनी चर्चला आलोय, पुण्यात रविवार झोपण्यात जातो. मी पुढे जायचं का? पण पौल तिथे नेमका कशावर चिडलाय, ते आज नीट ऐकतो. एकत्र जमून काही जण आधीच जेवून मोकळे होतात, बाकीचे उपाशी राहतात, यावर. पापांची यादी तिथे नाही, पंगत आहे. आणि याच करिंथकरांनी एकमेकांना कोर्टात खेचलेलं असतं, सहाव्या अध्यायात तो त्यांना त्यावरून झाडतो. तरी पत्राच्या सुरुवातीला त्यांना पवित्र जनच म्हणतो.

पवित्र. मराठीत हा शब्द उच्चारला की ओलेतं, सोवळं, लांब हो, हे सगळं सोबत येतं. लक्ष्मीबाई टिळकांना त्या सोवळ्यातून बाहेर यायला किती झगडावं लागलं, ते ‘स्मृतिचित्रे’त आहे. इथे बसलेल्या बहुतेकांचे पणजोबा उलट्या बाजूचे, महारवाड्यातले, मांगवाड्यातले. गावच्या पाणवठ्यावर त्यांच्या घागरीला जागा नव्हती. आज त्यांचे पणतू पाण्यावरूनच भांडतायत, स्वतःच्या विहिरीच्या.

“अरे, ऊठ की,” शेजारच्या काकू कोपर मारतात. “का तुझ्यासाठी तबक इथं आणायचं?”

उठतो. कठड्यापाशी गुडघे टेकतो. डावीकडे थोरला भाऊ, उजवीकडे मी, मध्ये एक पोरगा घुसतो. त्याचं दृढीकरण व्हायचंय, त्यामुळे त्याला भाकर नाही. पाळक साहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. पोरगा तरीही तबकाकडे बघत राहतो. धाकटा भाऊ त्याच रांगेत, पण पार शेवटी. भाकरीचा तुकडा जिभेला कोरडा लागतो, रस मात्र फारच गोड झालाय.

उपासना संपते. दारात सलाम, सलाम. काकू पेल्यांचं तबक माझ्या हातात देतात आणि मागच्या नळाकडे पिटाळतात. तिथे दोन्ही जावा आहेत. या महिन्याची पाळी दोघींची एकत्र आली, की कुणी लावली, कोण जाणे.

धाकटी पेले विसळते, थोरली कापडाने पुसते. कुणी कुणाकडे बघत नाही.

“एक कमी आहे,” थोरली म्हणते. मला की तिला, कळत नाही.

धाकटी बादलीत हात घालून चाचपडते. पेला सापडतो. ती तो विसळते आणि पाणी निथळू देत तसाच थोरलीपुढे धरते.