नृत्यातील हिसके आणि मेंदूचे आरोग्य

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी लेझीम अथवा फुगडी बसविण्यास आरंभ झाला, की काही पालकांच्या मनात एक शंका येते. इतके नाचल्याने व गरगर फिरल्याने मुलांच्या मेंदूस अपाय तर होणार नाही ना? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिचे निरसन न झाल्यास मूल एका उत्तम व्यायामास मुकते. आणि तिच्यातील सत्यांशाकडे दुर्लक्ष झाल्यास प्रसंगी जिवावर बेतते.

प्रौढ मनुष्याच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. तो तीन आवरणांत गुंडाळलेला असून कवटीच्या आत एका द्रवात जणू तरंगत असतो. मेंदू व मज्जारज्जू यांभोवती मिळून हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो. बैलगाडीत ठेवलेली पाण्याची घागर गाडी संथ चालली असता डचमळत नाही. चाक खड्ड्यात आदळताच मात्र पाणी उसळते. मेंदूचेही काहीसे तसेच आहे. चालणे, धावणे, उडी मारणे यांचे धक्के पाय, गुडघे व मणक्यांमधील चकत्या झेलतात. म्हणूनच लेझीम, टिपऱ्या, बंजारा तांड्यांवरील फेर किंवा किनवट-माहूर भागातील गोंड व कोलाम समाजाचे दंडार यांपासून निरोगी मुलाच्या मेंदूस भय नाही.

उलट नृत्य हितकारक असण्याचाच संभव अधिक. अमेरिकेत ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचे निरीक्षण करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वारंवार नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. हे नृत्यामुळेच घडले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तथापि नृत्य मेंदूस घातक आहे, या समजुतीस त्यातून आधार मिळत नाही, हे खास.

फुगडीनंतर येणारी घेरी हीदेखील मेंदूची इजा नव्हे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव असतो. फुगडी थांबली तरी हा द्रव क्षणभर फिरतच राहतो. कान सांगतो, ‘शरीर फिरत आहे’. डोळे सांगतात, ‘ते स्थिर आहे’. या विसंगतीमुळे भोवळ येते व थोड्याच वेळात ओसरते. फुगडीतील खरा धोका हात सुटून डोके फरशीवर आपटण्याचा आहे.

मग सत्यांश कोठे आहे? तो मानेच्या हिसक्यात आहे. मेंदूच्या पृष्ठभागापासून बाहेरील आवरणाकडे बारीक शिरा जातात. डोके अतिवेगाने मागेपुढे फेकले गेल्यास मेंदू किंचित मागे राहतो, शिरा ताणल्या जातात आणि क्वचित तुटून रक्त साचते. जर्मनीतील हॅनोव्हर येथे २०१३ मध्ये एका ५० वर्षांच्या गृहस्थास असेच झाले. संगीताच्या कार्यक्रमात त्याने तालावर डोके जोराने हलविले होते. त्यानंतर चार आठवड्यांनी तो डोकेदुखीसाठी रुग्णालयात आला. कवटीस छिद्र पाडून रक्त काढल्यावर त्याचे दुखणे थांबले. त्याच्या मेंदूच्या आवरणात आधीपासून एक पुटी होती, हेही पुढे दिसून आले. अशा घटना फार विरळ आहेत. मिनिटास १४६ ठोक्यांच्या तालावर डोके ७५ अंशांहून अधिक हलविल्यास मेंदूस सौम्य इजा संभवते, असा अंदाज २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी गणिताने मांडला.

आपल्याकडे नवरात्रात संबळाच्या अथवा हलगीच्या तालावर घुमताना, तसेच मिरवणुकीत बेभान नाचताना, मान अशीच झोकली जाते. येथे प्रश्न श्रद्धेचा नसून मानेचा आहे. वृद्ध, मद्यपी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांना धोका अधिक. तान्ह्या मुलाचे डोके जड व मान दुबळी असते. त्यास गदगदा हलविणे तर प्राणघातक ठरू शकते.

शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. नृत्य बसविताना मान झोकण्याच्या हालचाली वगळाव्यात; ठेका पायांनी व हातांनी धरावा.

२. फुगडी मातीच्या अंगणात, मोकळ्या जागी खेळवावी.

३. डोके आपटल्यास त्या दिवशी मुलास पुन्हा नाचू देऊ नये व पालकांस कळवावे.

४. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, एका बाजूची शक्ती जाणे अथवा झटके येणे, यांपैकी काहीही दिसल्यास दृष्ट किंवा अंगारा यांत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

५. रक्तस्राव मंद असल्यास ही लक्षणे काही आठवड्यांनीही दिसतात. यास्तव मूल डोके दुखते म्हणाल्यास मागील पडझडीची चौकशी अवश्य करावी.

मुलांना नाचू द्यावे. मान मात्र जपावी. एवढी दक्षता घेतल्यास लेझीम व फुगडी यांचा आनंद शाळेच्या अंगणातून हिरावून घेण्याचे काही कारण उरत नाही.