जात्याबरोबर गेलेली सोबत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली माता झालेल्या किंवा गर्भवती आढळल्या. अंगणवाडीत त्यांना पोषण आहार मिळतो, बाळाचे वजन होते. रात्रभर रडणाऱ्या बाळावर संतापून मग स्वतःच रडणाऱ्या पोरसवदा आईच्या मनाची नोंद मात्र कोणत्याही रजिस्टरात होत नाही. पूर्वी हे जात्यावरच्या ओवीत बोलता येई आणि ऐकायला समोर दुसरी बाई असे. गिरणीने कष्ट वाचवले हे उत्तमच झाले. पण सोबतही गेली. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलने २०११ पासून नवमातांना संगीतकारांच्या मदतीने आपापली अंगाई रचायला बसवले. आपल्याकडे ओव्या जाणणाऱ्या आजीबाई अजून आहेत. आठवड्यातून एक दुपार त्यांना मानधन देऊन अंगणवाडीत बोलावले, तर आहाराच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळच ठरेल.