इंजिन सगळ्यात शेवटी, बॉस!

जीपमध्ये दणदणीत इंजिन बसवायचं स्वप्न प्रत्येक ऑफ-रोडवेड्याचं असतं. पण बजेट कोसळतं ते इंजिनाच्या किमतीने नाही, तर त्याच्यामागून येणाऱ्या वरातीने!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसमधून सगळे सटकलेत आणि तुम्ही मात्र जुन्या जीपचे फोटो बघत बसलायत. रुंद टायर, पुढे विंच, चिखलाने माखलेलं बॉनेट. खात्यात बोनस पडलाय आणि डोक्यात एकच किडा वळवळतोय. हिच्यात एखादं तगडं इंजिन टाकलं तर?

आमच्या एका मित्राने नेमकं हेच केलं. जुनी एमएम ५४० घेतली, तिचं प्यूजो डिझेल इंजिन काढलं आणि भंगार मार्केटमधून उचललेलं सीआरडीई टर्बो डिझेल बसवलं. इंजिन दीड लाखात मिळालं म्हणून पार्टीही झाली. पहिल्याच रविवारी मुळशीकडच्या एका निसरड्या चढावर त्याने क्लच सोडला, कडाड् असा आवाज झाला आणि मागचा ॲक्सल तुटला. गाडी घसरत मागे आली आणि एका दगडाला टेकली. कुणाला लागलं नाही हे नशीब. पुढचे सात महिने जीप गॅरेजमध्ये होती. पर्सनल लोनचा ईएमआय मात्र दर पाच तारखेला न चुकता जात होता.

ताकद वाढली, पण पेलणार कोण?

एमएम ५४० च्या मूळ २.१ लिटर इंजिनाची ताकद साधारण ६२ बीएचपी. २०१० मध्ये आलेल्या थार सीआरडीईची १०५ बीएचपी आणि टॉर्क २४७ न्यूटन-मीटर. कागदावर एकदम मस्त! पण इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत पोचेतो वाटेत गुणला जातो. समजा पहिला गिअर ४, लो रेंज २.५ आणि डिफरन्शियल ५. गुणाकार झाला ५०. म्हणजे १२० न्यूटन-मीटरचं इंजिन चाकांपाशी ६,००० देणार आणि २४७ वालं १२ हजारांच्या वर. ॲक्सल, जॉइंट आणि क्राऊन-पिनियन मात्र जुन्या इंजिनाच्या हिशोबाने बनलेले. ते बिचारे तुटणार नाहीत तर काय?

गंमत म्हणजे दगडधोंड्यांत वेग लागतच नाही. लागतो तो कमी वेगातला जोर, आणि तो गिअरिंगमधून मिळतो. बऱ्याचदा दोष टायरचा असतो. २८ इंची टायर काढून ३१ इंची घातले की चाकाचा जोर साधारण दहा टक्क्यांनी घटतो. गाडी मरगळते आणि शिव्या खातं इंजिन! अशा वेळी योग्य रेशोचा क्राऊन-पिनियन टाकला तर गेलेला जोर परत येतो, तोही नव्या इंजिनापेक्षा बऱ्याच कमी पैशांत.

आधी आरटीओ, मग गॅरेज

आता थोडं कडू औषध. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुक जुळणार नाही, असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. तेव्हा हजारांचा दंड दूरच राहिला, लाखांचं बिल तुमच्या गळ्यात!

म्हणून पहिला प्रश्न हा, की गाडी रस्त्यावर चालवायची की फक्त स्पर्धेत? रस्त्यावर चालवायची असेल तर मूळ इंजिनाचंच काम नीट करून घ्या. इंजिन बदलणं भागच असेल तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं आणि तेही आरटीओच्या परवानगीने. फारच जोर हवा असेल तर कंपनीकडून तसंच इंजिन घेऊन येणारी गाडी बघा. २०२० मध्ये आलेल्या थारच्या पेट्रोल मॉडेलमध्ये १५० बीएचपी आहेत, आणि आरसी बुकासकट! गोव्यात २०१४ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या स्पर्धांसाठी खास मशीन बनवणार असाल, तर ती ट्रकवर लादून न्यायचा खर्चही धरा.

वरातीचा हिशोब

इंजिन आलं की मागून काय काय येतं? माउंटिंग, गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट, मोठा क्लच, मोठा रेडिएटर, इंटरकूलर, सायलेन्सर. सीआरडीई असेल तर ईसीयू आणि पूर्ण वायरिंग. आणि वेग वाढला की ब्रेक!

समजा स्पर्धेच्या गाडीसाठी तुमच्याकडे पाच लाख आहेत. आमची वाटणी अशी: इंजिनाला जास्तीत जास्त दोन लाख, गिअरबॉक्स-ॲक्सलला एक लाख, ब्रेक-स्टिअरिंग-कूलिंगला पाऊण लाख, मजुरी आणि वायरिंगला पन्नास हजार. उरलेल्या पाऊण लाखाला हात लावायचा नाही. गॅरेजमध्ये 'अजून एक काम निघालंय' हे वाक्य ऐकू येणारच, ते पैसे त्यासाठी.

खिशासाठी टिप्स

* खर्चाचा क्रम उलटा ठेवा: ब्रेक, टायर, गिअरिंग, ॲक्सल आणि मग इंजिन.
* जुनं इंजिन सुरू करून, धूर आणि ऑइल प्रेशर बघूनच घ्या. ईसीयू, वायरिंग आणि खरेदीची पावती सोबत मागा.
* मिस्त्रीकडून मजुरीचा आकडा लिहून घ्या.
* हौसेसाठी पर्सनल लोन? नकोच.

आणि हो, मित्राची जीप पुन्हा धावतेय. इंजिन? तेच जुनं प्यूजो, बोअरिंग करून, नव्या पिस्टन-रिंगसकट. गेल्या पावसाळ्यात त्याच चढावर ती लो रेंजमध्ये बैलगाडीच्या वेगाने निघाली, आणि एकदाही न थांबता वर पोचली.