साथीच्या काळात आदिवासी वाड्यांना धान्याची मदत : हक्क, योजना आणि पूर्वतयारी

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा रायगड, ठाणे, पालघर या भागांतील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर होती. दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाडीवर परतायचे, असा त्यांचा वर्षाचा क्रम असतो. काम थांबले की मजुरी थांबते. बहुतेकांकडे स्वतःची शेतजमीन नसल्याने घरात साठवलेले धान्यही नसते. अशा कुटुंबाला धान्य कोणत्या मार्गाने मिळू शकते आणि ते लवकर मिळावे म्हणून काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

आदिम जमाती म्हणजे कोण?

केंद्र शासनाने देशातील 75 समूहांना विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून मान्यता दिली आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींचा त्यात समावेश होतो. शासकीय कागदपत्रांत त्यांना 'आदिम जमाती' असेही म्हटले जाते.

2020 मध्ये उपलब्ध झालेली मदत

- नियमित धान्य : राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, 2013 नुसार अंत्योदय कुटुंबाला दरमहा 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा 5 किलो धान्य.
- प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजना : एप्रिल 2020 पासून वरील लाभार्थ्यांना प्रतिव्यक्ती 5 किलो जादा धान्य मोफत. नोव्हेंबर 2020 पर्यंत प्रत्येक कुटुंबाला दरमहा 1 किलो डाळ किंवा हरभरा.
- आत्मनिर्भर भारत योजना : शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरित मजुरांना मे आणि जून 2020 साठी प्रतिव्यक्ती 5 किलो धान्य, प्रतिकुटुंब 1 किलो हरभरा.
- खावटी अनुदान योजना (महाराष्ट्र) : पात्र आदिवासी कुटुंबाला 4,000 रुपये, निम्मी रक्कम खात्यात आणि निम्म्या रकमेच्या डाळी, कडधान्ये, तेल, साखर, मीठ अशा वस्तू. मंजुरी 2020 मधील असली तरी वाटप 2021 मध्येही सुरू होते.

शिधापत्रिकेमुळे पडणारा फरक

पाच माणसांचे कुटुंब आणि मे 2020 हा महिना धरून हिशेब पाहू.

- अंत्योदय कार्ड असल्यास : 35 + 25 = 60 किलो, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे 400 ग्रॅम.
- प्राधान्य कुटुंबाचे कार्ड असल्यास : 25 + 25 = 50 किलो, म्हणजे माणशी सुमारे 330 ग्रॅम.
- कार्ड नसल्यास : स्थलांतरितांच्या यादीत नाव आले तर 25 किलो, म्हणजे माणशी सुमारे 165 ग्रॅम, नाव नसल्यास काहीच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2003 च्या आदेशात आदिम जमातींच्या सर्व कुटुंबांना अंत्योदय योजनेत घेण्याचे निर्देश दिले होते. म्हणजे कातकरी कुटुंबाला कार्ड मिळणे ही कोणाची मेहेरबानी नाही. तरीही नवे लग्न झालेल्या जोडप्यांची वेगळी नोंद न होणे, मुलांची नावे कार्डावर न चढणे, आधार न जोडणे, भट्टीवर असताना कार्ड हरवणे अशा कारणांमुळे कुटुंबे बाहेर राहतात.

तातडीची मदत कशी उभी करावी?

शासकीय मंजुरीला वेळ लागतो. तोपर्यंतचे आठवडे भागवण्यासाठी गावातील कार्यकर्ते, बचत गट आणि संस्था पुढील क्रमाने काम करू शकतात.

1. वाडीची यादी करा. घरटी माणसे, लहान मुले, गरोदर व स्तनदा माता, वृद्ध, कार्डाचा प्रकार आणि बाहेरगावी अडकलेली माणसे नोंदवा. यादी वाडीतल्याच एक-दोघांना सोबत घेऊन करा. कोण कुठल्या भट्टीवर आहे हे त्यांनाच ठाऊक असते.
2. यादीचे दोन भाग करा. कार्ड असलेल्यांना रास्त भाव दुकानातून पूर्ण धान्य मिळाले का, ते पाहा. वर्गणीतून जमलेली मदत आधी कार्ड नसलेल्यांना द्या.
3. लेखी अर्ज द्या. यादीसह अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.
4. संचात तांदळाबरोबर इतर वस्तूही ठेवा. डाळ, तेल, मीठ, तिखट आणि साबण नसेल तर नुसत्या धान्यावर घर चालत नाही. माणसे मोजून वाटप करा. दोघांच्या आणि आठ जणांच्या घराला सारखाच संच देऊ नका.
5. वाटप वाडीवर जाऊन करा. गर्दी टाळा. मदत घेणाऱ्यांचे फोटो काढण्याची अट घालू नका. जमा-खर्चाचा हिशेब मात्र सर्वांसमोर वाचून दाखवा.
6. बाहेर अडकलेल्यांना कळवा. 'एक देश एक रेशन कार्ड' व्यवस्थेत कार्डधारक दुसऱ्या जिल्ह्यातील किंवा राज्यातील दुकानातूनही आपले धान्य घेऊ शकतो.

धान्य न मिळाल्यास

रास्त भाव दुकानाविषयीची तक्रार 1967 या टोल-फ्री क्रमांकावर नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग यांच्याकडे दाद मागता येते. हक्काचे धान्य मिळाले नाही, तर कायद्याच्या कलम 8 नुसार लाभार्थी अन्न सुरक्षा भत्त्यास पात्र ठरतो.

आज करण्यासारखे काम

जानेवारी 2023 पासून अन्न सुरक्षा कायद्यातील धान्य मोफत मिळते. पण त्यासाठीही कार्डावर नाव हवेच. 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात आदिम जमातींच्या वस्त्यांवर आधार, शिधापत्रिका, जातीचा दाखला यांसाठी शिबिरे घेतली गेली. आपल्या वाडीतील कोणाचे नाव अजून राहिले असेल, तर अर्ज आताच भरून घ्या. कुटुंबे भट्टीवर निघण्यापूर्वीचे, म्हणजे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे महिने या कामासाठी सर्वांत सोयीचे आहेत, कारण तेव्हा बहुतेक माणसे वाडीवरच भेटतात.