घरातील इंटरनेट मंद का होते?

आज खेडेगावातील साध्या घरातही वायफायवर चालणाऱ्या वस्तूंची संख्या सहज दहा-पंधरापर्यंत जाते. घरातील प्रत्येकाचा मोबाइल, मुलांचा लॅपटॉप, दिवाणखान्यातील टीव्ही, अंगणावर नजर ठेवणारे एक-दोन कॅमेरे अशी ही यादी असते. एक-चौदाचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, वीजबिलाचा भरणा, परदेशी असलेल्या मुलाशी बोलणे हे सारे त्याच एका जोडणीवर अवलंबून असते. अर्जाची मुदत संपण्याच्या रात्री पान उघडेनासे झाले म्हणजे होणारा मनस्ताप बहुतेकांच्या परिचयाचा आहे. यावर घरोघरी एकच उपाय योजिला जातो, तो म्हणजे अधिक वेगाची, अर्थातच अधिक दराची योजना घेणे. पुष्कळदा बिल तेवढे वाढते आणि मंदपणा होता तेथेच राहतो. कारण दोष बाहेरून येणाऱ्या तारेत नसून घरातल्या हवेत असतो. तो नेमका कोठे आहे हे शोधण्याची रीत अवघड नाही.

प्रथम दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. योजनेचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर संगणकावर फाइल उतरताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये असतो. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आसपास आकडा दिसला तर तो कंपनीने केलेला अपहार नव्हे. दुसरा गैरसमज असा की, वीस वस्तू जोडल्या म्हणजे वेगाचे वीस समान वाटे पडतात. तसे होत नाही. खिशात पडून असलेला मोबाइल जवळजवळ काहीच घेत नाही. टीव्हीवरील चांगल्या प्रतीच्या चित्रपटाला ५ मेगाबिटच्या आसपास पुरतात. तेव्हा वस्तू किती आहेत यापेक्षा त्यांपैकी कोणती काय करीत आहे आणि ती कोठे ठेवलेली आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

आता परीक्षेची रीत. राउटरच्या पेटीला लॅपटॉप तारेने जोडावा, इतर सर्व वस्तूंचे वायफाय थोडा वेळ बंद ठेवावे आणि वेग मोजावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे ‘मायस्पीड’ हे मोबाइलवरील ॲप किंवा वेग मोजणारे कोणतेही संकेतस्थळ चालेल. हे मापन सकाळी एकदा व रात्री नऊच्या सुमारास एकदा करून आकडे वहीत लिहून ठेवावेत. तारेवर योजनेइतका वेग मिळत असेल तर बाहेरची जोडणी निर्दोष आहे आणि मोठी योजना घेण्याचे काहीच कारण नाही. त्यानंतर तेच मापन राउटरच्या शेजारी उभे राहून वायफायवर करावे आणि शेवटी ज्या खोलीत त्रास होतो त्या खोलीत करावे. आकडा ज्या टप्प्यावर कोसळतो, तेथे दोष आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. जुन्या राउटरची तारेची खोबण १०० मेगाबिटपलीकडे जात नाही, आणि तारेतील एखादा धागा तुटला असला तरीही वेग तेवढ्यावरच अडतो. २०० मेगाबिटच्या योजनेवर नेमके ९४-९५ दिसू लागले तर प्रथम तार बदलून पाहावी.

बहुतेक घरांत दोष वायफायच्या टप्प्यावरच आढळतो. वायफायची हवा म्हणजे ग्रामसभा समजावी. एका वेळी एकानेच बोलावयाचे, बाकीच्यांनी थांबावयाचे. राउटरजवळचा मोबाइल आपले म्हणणे भराभर सांगून मोकळा होतो. परसातल्या कोपऱ्यातील कॅमेऱ्याला मात्र क्षीण लहरींमुळे एकेक शब्द सावकाश उच्चारावा लागतो. ६० मेगाबिटने बोलणारी वस्तू जे एका क्षणात सांगते, तेच सांगण्यास ६ मेगाबिटने बोलणारी वस्तू दहापट वेळ घेते, आणि तेवढा वेळ सारी सभा खोळंबते. एका दूरच्या कॅमेऱ्यापायी अख्खे घर मंदावते ते असे. यावर वेगवान योजनेचा काही उपयोग होत नाही.

आपल्याकडील घरांची बांधणीही येथे आड येते. चिऱ्याच्या जाड भिंती लहरी शोषून घेतात आणि पावसाळ्यात भिंती ओलावल्या की अधिकच शोषतात. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी हेही अडथळेच. इतके असून राउटर बसविला जातो तो तार घरात शिरते त्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात, आणि पुष्कळ ठिकाणी टीव्हीमागे किंवा कपाटात कोंडून ठेवलेला असतो. तो घराच्या मध्यभागी, डोक्याइतक्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवावा. एवढ्यानेच अर्ध्या तक्रारी मिटतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतो. पण त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हची भट्टी ही सारी त्याच गर्दीत असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा प्रशस्त व वेगवान असतो, मात्र भिंतीपुढे लवकर नमतो. म्हणून टीव्ही, लॅपटॉप व जवळचे मोबाइल ५ वर, आणि दूरचे कॅमेरे व दिवे २.४ वर ठेवावेत. जी वस्तू जागची हलत नाही, विशेषतः टीव्ही, ती शक्यतो तारेनेच जोडावी. साधी ‘कॅट ५ई’ तार १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग वाहून नेते आणि टीव्ही सभेतून उठला की इतरांना बोलण्यास अवसर मिळतो. बाजारात मिळणारा स्वस्त रिपीटर घेताना विचार करावा. तो ऐकलेले प्रत्येक वाक्य त्याच वाहिनीवर पुन्हा उच्चारतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. दुसऱ्या टोकाला तार नेऊन तेथे दुसरा राउटर प्रसारकेंद्र म्हणून बसविणे हा खात्रीचा मार्ग होय.

कधी कधी वेगाचा आकडा उत्तम असतो, तरीही बोलणे तुटते, पाने अडखळतात. हा दोष रांगेचा असतो. फेरीच्या धक्क्यावर मालमोटारींची रांग लागली म्हणजे मागे आलेली रुग्णवाहिकाही अडकते. तसेच, मोबाइलमधील शेकडो छायाचित्रे वर चढू लागली की राउटर ती सारी आपल्या साठ्यात रांगेने उभी करतो आणि मुलाच्या वर्गातील आवाज त्या रांगेमागे राहतो. दूरच्या सर्व्हरवर चित्र साठविणारा कॅमेराही अशीच सतत भर घालीत असतो. जेथे वर जाणारा वेग कमी, तेथे हा त्रास अधिक. अमेरिकन संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमारास या दोषाकडे लक्ष वेधले, आणि त्यावरील ‘एफक्यू-कोडेल’ ही रांग आवरण्याची पद्धत २०१८ मध्ये अधिकृत दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. अनेक नव्या राउटरांत ‘एसक्यूएम’ किंवा ‘क्यूओएस’ या नावाखाली तशी सोय असते. ती सुरू करून वेगाची मर्यादा मोजलेल्या आकड्याच्या ९० टक्के ठेवावी. ती सोय नसल्यास छायाचित्रांची साठवण रात्री उशिरा करण्याची सूचना मोबाइलला द्यावी.

रांग ओळखावयाची तर संगणकावर ‘पिंग’ ही आज्ञा द्यावी. प्रथम राउटरच्या पत्त्यावर, जो पेटीच्या पाठीवर छापलेला असतो (बहुधा १९२.१६८.१.१), आणि मग बाहेरील एखाद्या पत्त्यावर. राउटरचेच उत्तर शेकडो मिलिसेकंदांनी येत असेल तर दोष घरातील हवेत आहे. राउटर तत्काळ उत्तर देतो पण बाहेरचे उत्तर छायाचित्रे चढत असतानाच लांबते, असे दिसल्यास दोष रांगेचा.

किरकोळ कारणेही तपासावीत. महिन्याची माहितीमर्यादा संपल्यावर कंपनी वेग उतरविते, हे योजनेच्या अटींत लिहिलेले असते. संकेतशब्द शेजारी पसरला असेल तर राउटरच्या यादीत अनोळखी नावे दिसतात. अशा वेळी संकेतशब्द बदलावा.

तारेवरील मापनच कमी येत असेल, तर कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवावी आणि नोंदणीक्रमांक न विसरता घ्यावा. वहीतील तारखा, वेळा व आकडे येथे उपयोगी पडतात. नुसते ‘इंटरनेट मंद आहे’ म्हटल्यास राउटर बंद करून पुन्हा सुरू करा एवढेच उत्तर मिळते. निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे नोंदणीक्रमांकासह अपील करता येते. नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार ही व्यवस्था ठेवणे कंपनीवर बंधनकारक असून अपिलास शुल्क पडत नाही.